आजोबांनी गिळलेला फासा

शेवटच्या घरात पोचायला आजोबांना सहा हवे होते आणि पडले होते दोन. खेळ नातीचा, रंगीत पटाचा. फासा वाटीखाली टाकायचा, आपणच डोकावून पाहायचं आणि आकडा सांगायचा. समोरच्याला पटला तर सोंगटी पुढे. त्याने ‘थाप’ म्हणून वाटी उचलली आणि आकडा खोटा निघाला, तर सोंगटी पार पहिल्या घरात. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या आजोबांचा या खेळावर भारी जीव, कारण ते थापा सुरेख मारत.

“सहा,” आजोबा म्हणाले.

“थाप,” टिकली म्हणाली. टिकली म्हणजे ती नात, वय वर्षं सात.

तिचा हात पोचायच्या आत आजोबांनी फासा उचलला, मूठ तोंडाशी नेली आणि गटकन आवाज काढला. “गिळला. आता बघ काय बघायचं ते.”

गंमत तिथेच संपायची. पण मूठ उघडली तर फासा तिच्यातही नव्हता. मांडीवर नाही, सतरंजीवर नाही, पलंगाखाली नाही. नेमकी तेव्हाच आजोबांना खोकल्याची उबळ आली आणि टिकलीने स्वयंपाकघरात वर्दी दिली, की आजोबांनी फासा गिळलाय आणि तो घशात अडकलाय.

सूनबाई ओल्या हातांनीच धावत आली. आजोबांनी परोपरीने सांगितलं, की ती थाप होती. पण आजोबा रोजच थापा मारतात अशी साक्ष टिकलीने दिल्यावर त्यांच्या शब्दाला काय किंमत राहणार? खोकला तर तीन महिन्यांचा जुना आहे, असं त्यांनी बचावादाखल सांगितलं आणि आगीत तेल ओतलं. कारण इतके दिवस ते सुनेला ‘टर्पेंटाइनच्या वासाने होतं’ म्हणून गप्प करत होते, आणि ब्रश तर त्यांनी चार वर्षांपूर्वीच खाली ठेवला होता. शेजारच्या मास्तरीणबाईंनी केळी खाऊ घालायचा सल्ला दिला. त्यामुळे दवाखान्यात निघताना आजोबांच्या पोटात फासा नसला, तरी पाच केळी नक्की होती.

एक्स-रेच्या खोलीत सदरा काढताना दुमडलेली बाही सुटली आणि फासा टणकन फरशीवर पडला. आजोबांनी तो उचलून दाखवला आणि ते पुन्हा सदरा अंगात घालायला लागले. तिथल्या माणसाने मानसुद्धा वर केली नाही.

“फोटोचा कागद झालाय, आजोबा. छाती इथे टेकवा. श्वास रोखून धरा.”

फोटोत फासा नव्हताच. डाव्या फुफ्फुसात दुसरंच काहीतरी होतं. दहा दिवस तपासण्या चालल्या. मुलगा कामासाठी परगावी, म्हणून शेवटी डॉक्टरांनी सासऱ्याला आणि सुनेलाच समोर बसवलं. वर्षभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं, असं ते म्हणाले. सूनबाई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. आजोबांनी विचारलं, की खोकल्याचं औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर.

टिकलीला कुणी काही सांगितलं नाही. पण घरात कुणी मोठ्याने बोलेना, त्यावरून तिला जे कळायचं ते कळलं. तिसऱ्या दिवशी ती पट न घेताच आली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

“फासा तुमच्या बाहीत गेला ना, तो मला दिसला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला एकदा तरी तुम्हाला फसवायचं होतं.” तिने फ्रॉकने डोळे पुसले. “मी सांगितलं असतं तर फोटो काढलाच नसता. मग तुम्हाला हे झालंच नसतं.”

आजोबांनी तिला जवळ ओढलं. मग म्हणाले, “वेडी आहेस. उलट तुझ्यामुळे वेळेवर कळलं. डॉक्टरच म्हणाले तसं.”

टिकलीने त्यांचा चेहरा बराच वेळ निरखला. मग नाक पुसलं आणि पळत स्वयंपाकघरात गेली. आजोबा कान देऊन बसले.

“आई, आजोबांचं माझ्यामुळे वेळेवर कळलं?”

भांड्यांचा आवाज थांबला. नळ तेवढा वाहत राहिला.

“हो गं,” सूनबाई म्हणाली. “तुझ्यामुळेच.”

आजोबांनी छातीतून वर येणारी उबळ उशीत तोंड खुपसून दाबून धरली.