आक्काच्या डब्याची चळवळ

समाज बदलायचा तर सुरुवात स्वतःपासून करावी, असं नृसिंहनं ठरवलं तेव्हा रविवार होता आणि पद्मजा घरात नव्हती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्याच्या हातून काहीतरी भलतंच घडतं, हा कसबा बावड्यातल्या त्यांच्या अख्ख्या अपार्टमेंटचा अनुभव आहे.

निमित्त साधंच. दर रविवारी अंबूबाईंच्या खानावळीतून मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा यायचा तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून. पतसंस्थेत क्लार्क असलेल्या नृसिंहला (तिथं त्याचं कुणी ऐकत नाही) एका व्हिडिओनं पटवलं होतं की छोट्याशा कृतीतूनही क्रांती होते, फक्त ती कृती मोबाईलवर टाकावी लागते. म्हणून त्यानं डबा न्यायचं ठरवलं. स्वयंपाकघरात डबे होते, पण त्यांची झाकणं सापडेनात. देवघराखालच्या फळीवर मात्र एक घट्ट झाकणाचा चकचकीत डबा बसलेला. तो त्यानं उचलला.

तो डबा सासूबाईंचा, म्हणजे आक्कांचा. आक्का शाहूवाडीच्या, माळकरी. मटण हा शब्दसुद्धा त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. लेकीच्या लग्नात त्यांनी डब्यावर ‘आक्काकडून चि. पद्मजास’ असं नाव घालून दिलं होतं आणि त्यातून फक्त अंबाबाईचा नैवेद्य जायचा. हे नृसिंहला ठाऊक होतं. पण घासून जागेवर ठेवला की कुणाला कळतंय, असा त्याचा विचार. (विचार करायची सवय नसली की असं होतं.)

अंबूबाई रस्सा ओततायत आणि आपण कॅमेऱ्यात बघून ‘डबा आणा, पिशवी टाळा’ म्हणतोय, असं रील त्यानं टाकलं. दुपारपर्यंत लाइकचा पाऊस. कुणीतरी विचारलं, डबा नसेल त्यानं काय करायचं? भरात येऊन नृसिंहनं लिहिलं, ‘माझा न्या, वापरा, पुढच्याला द्या.’

संध्याकाळी शेजारच्या गल्लीत जिम चालवणारा मोहित दारात हजर. नृसिंहनं त्याच्यापुढं दुसरे दोन डबे धरले. पण मोहितला रीलमधलाच हवा होता आणि त्याचा मोबाईल चालू होता. चालू कॅमेऱ्यासमोर नाही म्हणायला जे धैर्य लागतं, ते क्रांतिकारकांकडंही नसतं.

डबा गावभर फिरू लागला. जो तो त्यात रस्सा घेऊन फोटो टाकी, आणि प्रत्येक फोटोत डब्यावरचं नाव लख्ख. चळवळीला ‘आक्काचा डबा’ हे नाव लोकांनीच देऊन टाकलं. आयुष्यात अंड्याला न शिवलेल्या बाईच्या नावानं कोल्हापूर मटण खाऊ लागलं. नृसिंहला आधी अभिमान वाटला, मग घाम फुटला.

पद्मजाला कळलं ते भिशीच्या ग्रुपवरून. ती ओरडली नाही, हे जास्त वाईट. एवढंच म्हणाली, “शुक्रवारी आक्का नैवेद्य घेऊन देवळात जाणार आहे. ती यायच्या आत डबा फळीवर पाहिजे. नाहीतर पुढची चळवळ तुम्ही कळंब्याच्या जेलात बसून करा.”

नृसिंहनं डबा परत करण्याचं आवाहन टाकलं. ते कुणी पुढं पाठवलं नाही. शेवटी मोहितच दारोदार फिरला आणि शुक्रवारी सकाळी डबा घेऊन आला. तेव्हा नृसिंह अंघोळीला गेला होता आणि आक्का नुकत्याच येऊन टेकल्या होत्या. मोहितनं डबा त्यांच्याच हातात दिला. आपल्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, त्यामुळं तो काठोकाठ भरलेला होता.

आक्कांनी झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र, वर तुपासारखा तवंग. जावयानं सासूसाठी खीर मागवली या समजुतीनं त्यांना भरून आलं. त्यांनी डबा देवापुढं ठेवला, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. नृसिंह टॉवेलवर बाहेर आला तो नेमका हे बघायला.

“आज्जी,” मोहित प्रेमानं म्हणाला, “तळाला मटणाची नळी हाय बघा. पावण्यास्नी म्हणून खास घातलीया.”

आक्कांनी पुन्हा अंघोळ केली, देवांनाही घातली, आणि पुढच्या एसटीनं शाहूवाडी गाठली. नैवेद्य पद्मजा केळीच्या पानात बांधून घेऊन गेली. त्या दिवसापासून घरातल्या वाटीलासुद्धा नृसिंहनं हात लावायचा नाही, असा कायदा झाला.

चळवळ मात्र फोफावली. पुढच्या रविवारी अंबूबाईंच्या दारात झाडून सगळे डबे घेऊन उभे. कुणाच्या हातात बरणी, कुणाच्या हातात दुधाची किटली. रांगेत एकटा नृसिंह मोकळ्या हातानं.

“डबा कुठं हाय?” अंबूबाईंनी विचारलं.

“घरातनं देत नाहीत,” तो पुटपुटला.

अंबूबाईंनी कोपऱ्यातून शेवटची उरलेली पिशवी काढली, रस्सा ओतला, गाठ मारून त्याच्या हातात दिली. मागून कुणीतरी फोटो काढला. तो त्याच्या सगळ्या रीलपेक्षा जास्त चालला, आणि त्यावर पहिला लाइक पद्मजाचा होता.