जावईबापूंचं रिमॅप

जयवंत मेस्त्रींच्या नव्या गाडीला अजून पाच महिनेही झाले नव्हते. एका रविवारी सकाळी त्यांचे जावई हेरंबराव "जरा एक राउंड मारून आणतो" म्हणून ती घेऊन गेले आणि थेट जेवायच्या वेळेला परत आले. त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता आणि चेहऱ्यावर मोहीम फत्ते केल्याचा आनंद.

"पप्पा, हॅपी बर्थडे! तुमच्या एकसष्टीचं गिफ्ट. गाडी रिमॅप करून आणली."

जयवंतरावांनी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. आरसे जागच्या जागी होते, रंग तोच होता, चाकंही चारच होती.

"काय करून आणली?"

"रिमॅप! अहो, इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो. डिझेल किती सोडायचं, जोर किती लावायचा, सगळं तो ठरवतो. कंपनी त्याला मुद्दाम दाबून ठेवते. शीवला एक माणूस आहे, तो लॅपटॉप लावून आतला प्रोग्रामच बदलून टाकतो. इंजिन तेच, पण ताकद दीडपट!"

"आणि कंपनीला चालतं हे?"

"कंपनीला सांगायचं कशाला, पप्पा?"

हे ऐकल्यावर जयवंतरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. लालबागला जन्मलेला हा माणूस बाविसाव्या वर्षी गिरणीत फिटर होता. संप झाला, गिरणी गेली, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यांनी गिरगावपासून शिवाजी पार्कपर्यंतच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात काढली. निवृत्त झाल्यावर घेतलेली ही गाडी. मेस्त्री घराण्यात सायकलीच्या पुढचं वाहन आजवर कोणी घेतलं नव्हतं. त्यामुळे गाडीबरोबर आलेली वॉरंटीची पुस्तिका त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. इंजिनाच्या प्रोग्रामला बाहेरच्या कोणी हात लावला तर इंजिनाची वॉरंटी संपली, असं तिच्यात स्वच्छ छापलेलं होतं आणि त्याखाली जयवंतरावांनी पेन्सिलीने रेघही मारली होती.

ते स्वयंपाकघरात गेले आणि दबक्या आवाजात बायकोला म्हणाले, "कांता, ह्याने माझी वॉरंटी घालवली गं!"

"हळू बोला!" कांताबाईंनी तळणातल्या वड्यांवरची नजर न काढता बजावलं. "जावई माणूस असा. तेंका एक शबुद बोलूचो नाय. प्रेमान दिल्यानी ना?"

प्रेमाने दिलं होतं, हे खरंच होतं. हेरंबराव मनाचे चांगले. फक्त मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्यांना आपण इंजिनिअर असल्यासारखं वाटू लागलं होतं. जयवंतराव बाहेर आले आणि त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवून "छान, छान" म्हटलं. असं "छान" त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदाच म्हटलं होतं. पहिल्यांदा म्हटलं ते कांताबाईंच्या भावाने लग्नात भेट दिलेल्या उलट्या चालणाऱ्या घड्याळाला.

संध्याकाळी प्रात्यक्षिक झालं. मागच्या सीटवर शेजारचे दगडू शिरोडकर बसले. हेरंबरावांनी लालबागच्या पुलावर पाय असा काही दाबला की शिरोडकरांनी पुढची सीट दोन्ही हातांनी पकडली.

"आयला! पोटात गोळा आला रे, जयवंता!"

"बघा! पूर्वी येत होता का गोळा?" हेरंबरावांनी विचारलं.

"पूर्वी मी ह्या गाडीत बसलोच नव्हतो," शिरोडकर म्हणाले, पण ते कोणी ऐकलं नाही.

"आणि पप्पा, ही शिट्टी ऐकू येते? शूऽऽ अशी? टर्बोची! इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची! ही पॉवरची शिट्टी."

अशी शिट्टी जयवंतरावांनी गिरणीत पुष्कळदा ऐकली होती. हवेच्या पाइपाचा जोड सुटला की यायची. पण जावई माणूस, म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर, चार दिवसांत त्यांना स्वतःलाही फरक जाणवू लागला. सिग्नल सुटला की गाडी घोड्यासारखी उसळते, असं एकदा त्यांच्या तोंडून निघूनसुद्धा गेलं.

पुढच्या शनिवारी ठाकूरद्वारला कांताबाईंच्या भाच्याचा साखरपुडा होता. नवऱ्या मुलाकडून न्यायचा साखरेचा पुडा कांताबाईंनी दोन दिवस खपून मोत्यांनी आणि जरीने सजवला होता. तो मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या. जयवंतराव चालवत होते आणि हेरंबराव शेजारी बसून "दाबा, पप्पा, दाबा" म्हणत होते.

पप्पांनी भायखळ्याच्या पुढे दाबलं. शिट्टीचा आवाज वाढला, मग "फुस्स" झालं, समोर पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जीवच गेला. म्हणजे ती चालत होती, पण पायाला सूज आलेल्या माणसासारखी. केळ्यांची हातगाडी ओढणारा एक जण मागून आला, "काका, जरा साइड द्या" म्हणाला आणि पुढे निघून गेला.

तिकडे ठाकूरद्वारहून फोनवर फोन सुरू झाले. मुलगी पाटावर बसली होती, भटजी आले होते, सगळं जमलं होतं, फक्त पुडा नव्हता.

"दीडपट ताकद!" जयवंतराव दातांतल्या दातांत म्हणाले.

"पप्पा, कदाचित जास्तच ताकद झाली असेल. कॉम्प्युटरला सहन झाली नाही," हेरंबराव म्हणाले.

सी. पी. टँकजवळ कांताबाईंचा धीर सुटला. त्यांनी दार उघडलं, एका हाताने साडीच्या निऱ्या सावरल्या, दुसऱ्या हातात पुडा घेतला आणि त्या खाली उतरल्या. "तुमी येवा सावकास. मी चलत जातंय!"

त्या गाडीच्या बऱ्याच आधी पोचल्या. साखरपुडा वेळेवर झाला आणि जावई-सासरे जेवणाच्या दुसऱ्या पंगतीला हजर झाले.

रविवारी हेरंबरावांनी खरी काळजी बोलून दाखवली. "पप्पा, गाडी अशीच सर्व्हिस सेंटरला नेली तर ते पकडतील. आधी शीवला जाऊन जुना प्रोग्राम परत टाकून घेऊ."

गाडी रखडत रखडत शीवला गेली. दुकानाचं शटर बंद होतं आणि वरचा बोर्डही गायब होता. शेजारचा पानवाला म्हणाला, "वो तो गया. परसों बोर्ड भी ले गया." हेरंबरावांनी अकरा वेळा फोन लावला. अकराही वेळा तो बंद होता.

शेवटी सोमवारी सकाळी तिघं परळच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिसऱ्या कांताबाई. "मी नसलंय तर तुमी दोघा भांडशात," म्हणून त्या हट्टाने आल्या होत्या. एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये काचा लावून ते सेंटर थाटलेलं होतं. वाटेत हेरंबरावांनी दोघांना तीनतीनदा बजावलं, रिमॅप हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

वर्क्स मॅनेजर फणसळकर स्वतः फॉर्म घेऊन आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि स्वच्छ, पुस्तकी मराठी.

"बाहेर कुठे काही काम करून घेतलं आहे का?"

"छे छे!" हेरंबराव म्हणाले. जयवंतराव छताच्या पंख्याकडे बघू लागले.

कांताबाईंना मात्र हे खटकलं. जावयाने केलेलं कौतुकाचं काम, आणि ते लपवायचं?

"छे काय? सांगा की! आमच्या जावयांनी रिमॅप करून दिलंय, ह्यांच्या एकसष्टीला. दीडपट ताकद!"

फणसळकरांचं पेन थांबलं. हेरंबरावांनी डोळे मिटून घेतले.

"धन्यवाद, वहिनी," फणसळकर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "मला आश्चर्य वाटतं ते शिकलेल्या माणसांचं. कोणीतरी लॅपटॉप घेऊन बसतो आणि तुम्ही त्याच्या हातात नवी कोरी गाडी देता! विचार करायला नको? हा टर्बो गेलेला दिसतोय. आता सगळा खर्च तुमचा. इथे सही करा. प्रोग्राम बाहेर बदलला आहे आणि इंजिनाच्या वॉरंटीवरचा हक्क तुम्ही सोडत आहात, एवढंच लिहिलं आहे."

कागद समोर आला. हेरंबरावांचा चेहरा इतका पडला होता की कांताबाईंनी त्यांना पर्समधली खडीसाखर काढून दिली. जयवंतरावांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

संपाच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या वडिलांपुढे गिरणीच्या गेटवर असाच एक कागद आला होता. कामावर परत घेण्याचा आहे, असं सांगितलं होतं. वडिलांनी सही केली. तो राजीनामा निघाला. वडील त्यानंतर वीस वर्षं जगले, पण ती सही त्यांनी एक दिवससुद्धा स्वतःला माफ केली नाही.

"साहेब, तुम्ही गाडी बघितलीत?" जयवंतरावांनी शांतपणे विचारलं.

"बघायचं काय त्यात? तुमच्या मिसेसनी स्वतः सांगितलं."

"तिने सांगितलं, बरोबर. पण लॅपटॉप तिने लावला नव्हता. मी आयुष्यभर लिफ्टचं काम केलंय. लोक फोन करायचे, मोटर जळाली म्हणून. मी जाऊन बघायचो तर निम्म्या वेळा दारात कोणाची तरी चप्पल अडकलेली असायची. तुमचं मशीन लावा. मशीन सांगेल तसं लिहा, मग मी सही करतो. आधी नाही."

"काका, माझा वेळ..."

"माझ्याकडे आहे वेळ. मी रिटायर माणूस आहे. संध्याकाळपर्यंत बसतो."

आणि ते खरोखरच बसले. कांताबाईही शेजारी बसल्या आणि त्यांनी पर्समधून विणकाम काढलं. ते बघून फणसळकर उठले.

मशीन गाडीला जोडलं. फणसळकरांनी स्क्रीनकडे पाहिलं. वायर काढली, पुसली, पुन्हा जोडली. पुन्हा पाहिलं.

"काय म्हणतंय?" जयवंतरावांनी विचारलं.

"प्रोग्राम... कंपनीचाच आहे."

"म्हणजे?"

"बदल केल्याची नोंद शून्य. कारखान्यातून निघाल्यापासून ह्याला कोणी हात लावलेला नाही."

"अशक्य!" हेरंबराव ओरडले. "माझ्यासमोर लॅपटॉप लावला त्याने! हिरवी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली!"

"हिरवी पट्टी काय, कोणीही पळवील," फणसळकर म्हणाले, पण त्यांचा आवाज आता जरा उतरला होता.

"पण पप्पा, गाडी खरंच पळत होती हो!"

"पळत होती, हेरंबराव. घोड्यासारखी," जयवंतराव म्हणाले. फसवलं गेल्याचा इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. शीवचा तो माणूस समोर असता तर त्यांनी त्याला पेढा भरवला असता.

फणसळकरांनी घसा खाकरला. "तरी टर्बो गेला आहे, त्याचं कारण..."

"बॉनेट उघडा. गाडी चालू करा. आणि दोन मिनिटं कोणी बोलू नका."

सेंटरमधले चार मेकॅनिक गोळा झाले. जयवंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले आणि इंजिनाकडे कान लावला. मग शर्टाची बाही वर सारून हात आत खाली घातला.

"हा बघा. हा रबरी पाइप. हवा इथून सुटतेय. टर्बोला काही झालेलं नाही."

एका मेकॅनिकने बॅटरी मारली. पाइपाची क्लिप वाकडी बसली होती आणि पाइप अर्धा निसटला होता.

"ही क्लिप कोणी बसवली?"

"कारखान्यात बसवतात," मेकॅनिक म्हणाला आणि साहेबांची नजर बघून मागे सरकला.

"म्हणजे चूक कोणाची, साहेब?"

"कंपनीची," फणसळकर पुटपुटले.

"वॉरंटीत?"

"वॉरंटीत."

"मग तुमचा तो कागद घ्या आता. हे सगळं त्याच्या मागे लिहा. आणि सही," जयवंतरावांनी टेबलावरचं पेन उचलून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं, "तुम्ही करा."

चारही मेकॅनिक एकदम खोकले. फणसळकरांनी सही केली. कांताबाईंनी तो कागद घडी करून विणकामाच्या पिशवीत ठेवला. अर्ध्या तासात नवी क्लिप बसली, पिवळा दिवा विझला, आणि हेरंबरावांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच किल्ली आपण होऊन सासऱ्यांच्या हातात दिली.

गाडी गेटकडे वळणार तेवढ्यात फणसळकर धावत आले आणि खिडकीशी वाकले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता.

"तो शीवचा माणूस... दाढीवाला होता का? लॅपटॉपवर वाघाचा स्टिकर?"

"हो!" हेरंबराव म्हणाले. "तुम्ही ओळखता त्याला?"

फणसळकर तसेच मागे वळले. मशीन काखेत मारून ते शेडच्या मागे, स्टाफच्या पार्किंगकडे चालू लागले. जयवंतरावांनी गाडी बंद केली आणि ते त्यांच्या मागोमाग गेले. तिथे साहेबांची स्वतःची पांढरी, चकचकीत गाडी उभी होती. फणसळकरांनी आत बसून वायर जोडली, स्क्रीनकडे पाहिलं, वायर पुसून पुन्हा जोडली आणि पुन्हा पाहिलं.

"शून्य," शेवटी ते म्हणाले. "आणि मी वर्षभर घरी, ऑफिसात, सगळ्यांना सांगतोय, काय पिकअप आहे म्हणून!"

जयवंतरावांनी खिडकीतून हात घालून त्यांचा हात हातात घेतला आणि मनापासून हलवला.

"अभिनंदन, साहेब! तुमचीपण वॉरंटी शाबूत आहे."