हॉर्सफॉलांच्या बैठकीचे पडदे

पॉली सोमवारी दुपारी गेली आणि एझ्रा हॉर्सफॉलच्या गळ्यात सहा पिल्लं टाकून गेली. पॉली ही एझ्राची फेरेट. मुंगसासारखं लांबुडकं अंग, पिवळट केस आणि तापट स्वभाव. सशाच्या बिळाच्या एका तोंडातून तिला आत सोडायचं आणि दुसऱ्या तोंडाला जाळं लावून बसायचं, की ससा हमखास मिळायचा. लोकरीच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर इंकरमन स्ट्रीटवर एझ्राला जो काही मान उरला होता तो तिच्यामुळे होता. बर्फातही मागे न हटणारी ही मादी त्या वर्षीच्या उकाड्यापुढे मात्र टिकली नाही.

"सहाच्या सहा जगवीन," तिला परसात पुरताना एझ्राने तिला सांगितलं. एझ्रा बोलायचा कमी, पण एकदा बोलला की हटायचा नाही.

हे बोलणं सोपं होतं. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. त्यांना ताजं मांस हवं, तेही बारीक चिरून, थोडं थोडं आणि दिवसातून अनेकदा. सकाळी आणलेलं काळीज दुपारी हिरवं पडत होतं आणि त्याच्या आधी माश्या येत होत्या. दुधात पाव भिजवून दिला तर दूध वाटीतच फाटत होतं. त्यात फेरेटच्या जातीला साठवायची खोड. पिल्लं अर्धं खायची आणि अर्धं कुठेतरी कोपऱ्यात दडवायची. परसातलं खुराडं भट्टीसारखं तापलेलं. संध्याकाळपर्यंत पिल्लांनी माना टाकल्या, आणि सर्वांत धाकटं तर मांसाला तोंडच लावेना. एझ्राने बोट रक्तात बुडवून पुढे केलं की तेवढं ते चाटायचं आणि पुन्हा झोपायचं.

घरात गार अशी एकच खोली होती, बैठकीची. रस्त्याकडची, उत्तरेला तोंड असलेली, चादरी पांघरलेल्या खुर्च्यांची आणि पायपेटीची. ती खोली हेटीची होती. पाद्री चहाला आला तर ती उघडायची, नाहीतर घरात कुणी मेलं तर. एरवी खुद्द एझ्रालाही तिथे बसायची बंदी होती. फेरेटबद्दल तर हेटीने लग्नाच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की त्यातलं एक जरी उंबऱ्याच्या आत आलं तर मी उंबऱ्याच्या बाहेर. पण हेटी सध्या उंबऱ्याच्या बाहेरच होती. छातीत भरून येतं म्हणून डॉक्टरांनी समुद्राची हवा खायला सांगितली होती, आणि आजाराचा गवगवा नको म्हणून ती गल्लीत कुणालाही न सांगता स्कारबरोला बहिणीकडे गेली होती.

मंगळवारी सकाळी एझ्राने पिल्लांची पेटी बैठकीत नेली, तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि खिडकीचे पडदे ओढून घेतले. पडदे ओढताना त्याच्या डोक्यात फक्त ऊन होतं.

इंकरमन स्ट्रीटच्या डोक्यात मात्र ऊन नव्हतं. त्या रस्त्यावर भरदिवसा बैठकीचे पडदे ओढलेले दिसले की माणसं टोपी काढून हळू आवाजात बोलायची. घरात मढं असल्याशिवाय तिथे कुणी पडदे ओढत नसे. एझ्रा तर दारात धडधाकट उभा दिसत होता. मग राहिलं कोण?

अर्ध्या तासात शेजारची ऑलिव्ह बॅटी आली. हातात झाकलेली थाळी, डोळे लाल.

"कळलं रे एझ्रा," ती म्हणाली. "कधी गेली?"

"काल दुपारी. उकाड्यानं."

"फार हाल झाले का?"

"छे. एक गचका दिला, संपलं. सकाळपर्यंत तर चांगली अंगावर येत होती माझ्या."

ऑलिव्हने मान डोलावली. हेटीला ती जवळून ओळखत होती. "आता तुझ्यासारख्याला असं एकटं राहायचं म्हणजे—"

"एकटा कुठला? सगळं मलाच बघायला लागतंय आता. पोटाला घालायचं, पुसायचं." पॉलीसाठी शेजारीण रडते आहे हे पाहून एझ्राला भरून आलं होतं. "चांगली होती गं. तिच्यासारखी बिळात घुसणारी दुसरी मिळायची नाही."

हे मात्र ऑलिव्हच्या डोक्यावरून गेलं. दुःखात माणूस काहीही बोलतो असं समजून तिने थाळी पुढे केली. "हॅम आणलंय उकडून. पोटात काहीतरी जायला हवं."

एझ्राने झाकण उचलून पाहिलं आणि मान हलवली. "मीठ आहे याच्यात. मीठ चालत नाही. कच्चं काही नाही का तुझ्याकडे? काळीज असेल तर उत्तम."

"कच्चं?"

"अगदी कच्चं. आणि एकदम ढीग आणू नकोस, नासतं. थोडं थोडं, पण ताजं."

ऑलिव्ह आल्या पावली परत गेली आणि तिने रस्त्याला सांगितलं, की बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, कच्चं काळीज मागतोय, पण आत्ता त्याच्याशी वाद घालू नका. रस्त्याने वाद घातला नाही. न्याहारीनंतर कोपऱ्यावरचा खाटीक आला आणि टोपी छातीशी धरून मेंढीचं काळीज देऊन गेला. दुपारी कुणी कोंबडीची काळजं आणली. संध्याकाळी समोरच्या घरातून नुकता मारलेला ससा आला. सगळे दारातच थांबायचे, एझ्राचा हात दाबायचे आणि बैठकीच्या पडद्यांकडे पाहून उसासा टाकायचे. माणसं चांगली आहेत, एझ्राला वाटलं. फेरेटसाठी कोण एवढं करतं!

पाच पिल्लं दोन दिवसांत टुणटुणीत झाली. ती चादरींखालून पळायची, खुर्च्यांवर चढायची आणि उरलेलं मांस पायपेटीत नेऊन लपवायची. प्रत्येक जेवणानंतर एझ्रा गुडघ्यांवर बसून पायपेटीत हात घालायचा आणि तुकडे शोधून बाहेर फेकायचा. धाकट्याचं मात्र बोटच चाललं होतं. "खाशील," एझ्रा त्याला बजावत होता. "मी इथून हलणार नाही. बघू कोण आधी दमतं."

बुधवारी पाद्री पिकर्सगिल आले. तरुण माणूस, नवीन नेमणूक, त्यामुळे फारच हळुवार.

"मि. हॉर्सफॉल, मी दोन मिनिटं आत जाऊन बसू का?"

"नको. दार उघडलं की गारवा जातो."

अशा उकाड्यात गारवा मढ्यासाठीच राखायला हवा, हे पाद्रीसाहेबांना पटलं. त्यांनी डोळे मिटून हॉलमध्येच प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात बंद दाराच्या आतून कुरकुर ऐकू आली. मग काहीतरी नखांनी खरवडलं. पाद्रींनी डोळे उघडले.

"आत... काय वाजलं?"

"भुकेची वेळ झाली," एझ्रा म्हणाला. "शांत होईल, खायला घातलं की."

पाद्रींनी भिंतीचा आधार घेतला. "मि. हॉर्सफॉल, दुःख समजू शकतो मी. पण मिसेस हॉर्सफॉल आता देवाघरी आहेत. त्यांना काही नको आहे."

"कोण? हेटी?"

एझ्राने दाराकडे पाहिलं. मग त्याला दारापलीकडचे पडदे आठवले. रस्ता दोन दिवस कुणासाठी उसासे टाकतोय, हे त्याला उमगलं. खरं सांगायला त्याने तोंड उघडलंही. पण खरं सांगितलं की पडदे उघडणार, काळीज थांबणार, सगळ्या गल्लीच्या तोंडून ही गोष्ट हेटीला कळणार आणि पिल्लं पुन्हा त्या भट्टीत जाणार. मग धाकटं काही टिकायचं नाही. एझ्रा जन्मात खोटं बोलला नव्हता. गप्प मात्र तो पुष्कळ राहिला होता. आताही राहिला.

पाद्री घाम पुसत बाहेर पडले, आणि कर्तव्य म्हणून त्यांनी हेटीच्या बहिणीला तार ठोकली: आपल्या दुःखात सहभागी आहोत.

स्कारबरोला दोघी बहिणींनी तार दोनदा वाचली. हेटी तर समोर चहा पीत बसलेली. मग दुःख कुणाचं?

गुरुवारी दुपारी एझ्रा स्वयंपाकघरात शीळ घालत काळीज चिरत होता. मागच्या गल्लीतलं दार उघडलं आणि बहिणीचा काळा पोशाख घातलेली, रडून डोळे सुजलेली हेटी आत आली. नवरा जिवंत पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिने हातातली पिशवी त्याच्या डोक्यात घातली.

"मेल्या, जिवंत आहेस की!"

"आहे. तू मेलीयस," एझ्रा डोकं चोळत म्हणाला.

"काय?"

"मंगळवारपासून. पडदे ओढले ना मी. ऊन होतं."

"माझ्या बैठकीचे?" हेटी तरातरा गेली, तिने बैठकीचं दार उघडलं आणि आत पाहिलं. चादरींवर पाच फेरेट झोपली होती, सहावं पेटीत होतं, आणि पायपेटीतून वास येत होता. तिने नाक दाबलं आणि ती एझ्राकडे वळली.

"आणि मी मेले नाही, हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सरळ कुणी विचारलंच नाही."

"आत्ताच्या आत्ता ही घाण बाहेर काढ."

"नाही काढणार," एझ्रा म्हणाला. लग्नानंतर हा शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला होता, त्यामुळे दोघंही चमकली. "ऊन उतरेपर्यंत नाही. पॉलीला शब्द दिलाय. मला घालव हवं तर, पण ती इथंच राहतील."

हेटीने बोलायला तोंड उघडलं, तोच पुढचं दार वाजलं. तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. पायरीवर सेलिना क्रॉस्ली उभी होती, हातात झाकलेलं भांडं घेऊन. चर्चच्या चहापानाची मुखत्यार हीच, आणि हेटीचा केक कोरडा असतो असं वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलेलीही हीच.

हेटी फटीपासून मागे सरली. तिचा चेहरा एकदम बदलला.

"उघड दार," ती कुजबुजली. "आणि मी मेलेलीच आहे. कळलं?" ती बैठकीच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

सेलिना आत आली, ओल्या रुमालाने नाक पुसत. "काळीज आणलंय, एझ्रा. सगळे म्हणाले, तुला तेच लागतं." भांडं तिने पोटाशी घट्ट धरलं होतं. "पण मी त्यासाठी आले नाही. मला झोप येत नाही. हेटीच्या केकबद्दल मी जे बोलत आले ते खोटं होतं. कोरडा नव्हता रे. माझ्यापेक्षा चांगला व्हायचा. नेहमीच."

बैठकीचं दार धाडकन उघडलं आणि काळ्या कपड्यांतली हेटी हॉलमध्ये आली.

"काय म्हणालीस?"

सेलिनाने एक किंकाळी फोडली, भांडं सोडलं आणि ती आडवी झाली. काळीज सतरंजीभर पसरलं. हेटीच्या पायांमधून पिल्लं धावत सुटली आणि त्यावर तुटून पडली. त्यांच्यामागून पेटीतून कसंबसं बाहेर पडलेलं धाकटं धडपडत आलं. त्याने एक तुकडा हुंगला आणि दातांत धरून हिसकायला सुरुवात केली.

एझ्रा गुडघ्यांवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेटी! खातंय गं! धाकटं खातंय!"

हेटीने तिकडे वळूनही पाहिलं नाही. ती सेलिनाच्या तोंडावर पाणी मारत होती.

"खाऊ दे त्याला, तिथंच, सतरंजीवर," ती म्हणाली. "तू आधी हिला बसती कर. मघाचं वाक्य मला पुन्हा ऐकायचंय."