दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

ओव्हनमधून धूर येऊ लागला तेव्हा गुरुदत्त सासऱ्यांसाठी हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांच्या शुश्रूषागृहात, न्यायची पिशवी भरत होता. तो धावत स्वयंपाकघरात आला, तर त्याची मुलगी तनया हातात गोठलेला पिझ्झा घेऊन उभी. तवा आणि कढई यांच्यामध्ये त्याने दुपारी जपून ठेवलेली रेकॉर्ड कढईच्या कडेवरून ओघळत होती.

"अगं, आत बघायचं तरी!"

"आबर पापा," म्हणजे "पण पप्पा," असं म्हणून तनयाने ओव्हन गरम करण्यासाठीच असतो हे त्याला जर्मनमध्ये शांतपणे समजावलं.

या घरात ओव्हन हे सोळा वर्षं भांड्यांचं कपाट होतं. हीटरपासून दूर, अंधारी जागा म्हणून गुरुदत्तने ती निवडली होती. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात तो इंजिन थंड ठेवण्याचा तज्ज्ञ मानला जाई.

रेकॉर्ड सासऱ्यांची होती. नागेशराव तरुणपणी इथे नोकरीला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी ती घेतली. एका अमेरिकन चित्रपटाची, सोल नावाच्या संगीतशैलीतली गाणी. चित्रपट त्यांनी कधी पाहिला नाही, पण गाणी आयुष्यभर ऐकली. आता डॉक्टरांच्या हिशेबाने त्यांच्यापाशी फार तर आठवडा होता आणि त्यांनी एवढंच मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी फ्रँकफुर्टच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात तीच रेकॉर्ड मिळाली. "सिनेमा कोणाला आठवत नाही," दुकानदार म्हणाला, "पण ही आली की आठवडाभरात जाते. बघा, एक ओरखडा नाही."

"तीच अडचण आहे," गुरुदत्त म्हणाला.

कारण मूळ रेकॉर्डवर ओरखडा होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी धूळ पुसताना सासूबाईंची, यमुनाबाईंची बांगडी लागली होती. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात गायक अर्ध्या कडव्यातून थेट ट्रम्पेटवर उडी मारायचा. यमुनाबाई गेल्या, उडी राहिली. घरात सगळे ते गाणं तसंच गुणगुणत.

"आईच्या बांगडीने आपणच ओढू या का एक रेघ?" त्याच्या बायकोने, मीनलने विचारलं.

"जागा चुकली तर? दुसरी मिळायची नाही. त्यापेक्षा मी सुई उचलून पुढे ठेवतो. बाबा डोळे मिटूनच ऐकतात."

मीनल घड्याळ घेऊन बसली. अकरा वेळा सराव झाला. अकराव्या वेळी तनयाही खोलीतून गुणगुणू लागली, उडीसकट.

शनिवारी सकाळी त्यांनी हॉस्पिसच्या खोलीत प्लेअर मांडला. नागेशरावांनी डोळे मिटले. गुरुदत्त सुईवर हात धरून ओणवा राहिला. एक मिनिट. एक मिनिट दहा. तेवढ्यात दार उघडून नवी परिचारिका आत आली, तिने स्वतःचं नाव सांगितलं आणि हात पुढे केला. इथल्या सोळा वर्षांच्या सवयीने गुरुदत्तने ताठ उभं राहून आपला उजवा हात तिच्या हातात दिला.

गाणं उडी न मारता पुढे गेलं.

ट्रम्पेट वाजला तेव्हा नागेशराव म्हणाले, "थांबवा."

परिचारिका दबकत बाहेर गेली. "बाबा, तुमची रेकॉर्ड माझ्यामुळे वितळली. ओव्हनमध्ये ठेवली होती. उडीच्या जागी मी सुई उचलणार होतो, तेवढ्यात हात तिला दिला," गुरुदत्त म्हणाला.

"सुई टेकली तेव्हाच कळलं. माझी खरखरते." श्वास घ्यायला ते थांबले. "इतकी वर्षं वाटायचं, त्या बांगडीखाली काहीतरी फार मोठं गेलं. हिच्या आईला तसं बोललोही. कितीदा तरी."

"मग काय होतं तिथे?" मीनलने विचारलं.

"काही नाही. नुसता हं हं करतोय."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "उगाच बोललो तिला," ते म्हणाले. मीनलने त्यांचं पांघरूण नीट केलं, ते नीटच होतं तरी.

मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

"पहिल्यापासून लावा. तिथे सुई उचला. आणि गुरुदत्त, या वेळी हात कोणाला देऊ नका."