शोकसभेची तालीम

सोनावणे माझ्या शोकसभेतलं भाषण मला ऐकवायला आले, तेव्हा मी कुकर लावत होते.

"ताई, पाच मिनिटांचं आहे. काही कमी-जास्त वाटलं तर आत्ताच सांगा. नंतर तक्रार चालणार नाही."

मी ठणठणीत होते. अजूनही आहे. पण सोनावण्यांना त्याचं काय? युनिव्हर्सिटीत ते रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होते, मी लायब्ररीत. रिटायर झाल्यावर दिल्लीतच, मुनिरकात शेजारी आलो. माणसाचा उभा जन्म कर्मचारी युनियनमध्ये गेला. संप, धरणं, घेराव, काय म्हणाल ते. आता पेन्शनरांच्या संघटनेचे सेक्रेटरी आहेत, म्हणजे शोकसभांचे कायमचे वक्ते. "गेल्यावर कोण ऐकायला येतंय? ज्याचं त्याने ऐकून जावं," असं म्हणत घरोघरी जाऊन ते धडधाकट माणसांना श्रद्धांजली वाहतात आणि वर चहा पितात.

माझ्या भाषणात मी मनमिळाऊ होते.

"सोनावणे, हे साफ खोटं आहे."

"ताई, शोकसभा आहे. चार्जशीट नाही."

लोक वैतागतात, पण ऐकतात. ड्रायव्हर यादवजींनी तर सुनेला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

फक्त शर्माजींचं भाषण सोनावण्यांनी केलं नव्हतं. शर्माजी दुसऱ्या युनियनचे पुढारी. दोघांनी आयुष्यभर एकमेकांची पोस्टरं फाडली. "त्या गद्दाराच्या शोकसभेत मी फक्त समोसा खाणार," असं सोनावणे चारचौघांत सांगायचे.

गेल्या थंडीत शर्माजींना हिंदूराव हॉस्पिटलात भरती केलं. बायको आधीच गेलेली, मुलगा कॅनडात. ऐकल्याबरोबर सोनावण्यांनी मफलर गुंडाळला. "भाषण ऐकवून येतो. नियम सगळ्यांना सारखा." काहीतरी तमाशा होणार म्हणून मीही सोबत गेले.

शर्माजी डोळे मिटून पडले होते. सोनावणे खाटेपाशी उभे राहिले, समोर माइक असल्यासारखा घसा साफ केला. "साथियो, शर्माजी ने हमारी हड़ताल तोड़ी, लेकिन आदमी..."

शर्माजींचा एक डोळा उघडला. "तोड़ी नहीं थी. तेरे लोग भागे थे."

नर्स रागावेपर्यंत दोघं भांडले. निघताना सोनावणे म्हणाले, "अच्छा, कल सुधार के लाता हूँ."

मग रोज तेच. धुक्यात मेट्रो धरून जायचं, दुरुस्त भाषण ऐकवायचं, त्यात शर्माजींना नवी चूक सापडायची. आज घेरावाची जागा, उद्या संपाचं कारण. शर्माजी उशीला टेकून बसायला लागले. पडल्या पडल्या नीट भांडता येत नाही म्हणे.

शेवटी एका संध्याकाळी चहाला आलेल्या सोनावण्यांना मी पकडलं. "काय हो, ज्या घेरावात तुम्ही स्वतः होतात, त्याची जागा चुकते कशी? माझं भाषण बरं एका फटक्यात जमलं."

ते मफलरशी चाळा करायला लागले.

"डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. पण ताई, तो अडेल माणूस आहे. चुकीचं भाषण मागे ठेवून तो जायचा नाही." मग खाली बघत म्हणाले, "तो गेला तर मी भांडू कुणाशी? आणि आता मला चुकाही सुचेनात. तुम्हाला काही सुचतं का?"

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.

"उद्या त्यांचं गाव चुकवा," मी म्हटलं.