अर्धा सूर वर

या नव्या तबकडीतून क्लीओटस बॅट्सच्या पदरात बरंच पडणार होतं: वेष्टनावर फोटो, चर्चच्या सभागृहात मैफल, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी पुन्हा एकदा ‘फिलाडेल्फियातला सगळ्यात चपळ टेनर सॅक्सोफोन’ हे बिरुद. साठ वर्षांपूर्वी एका दुपारी त्यानं आणि पियानोवाल्या ओडेल प्रुइटनं सहा धून वाजवल्या होत्या. तीच तबकडी पुन्हा निघत होती.

घोळ घातला तो ध्वनितंत्रज्ञ मिस क्वेडनं. नमुन्याची तबकडी घेऊन ती घरी आली आणि रताळ्याची गोड पेस्ट्री खाता खाता म्हणाली, "त्या दिवशी टेपचं यंत्र हळू चाललं होतं. म्हणून जुन्या तबकड्या अर्धा सूर वर आणि जलद वाजतात. मी ते नीट केलंय."

तिनं पहिली धून लावली. कुणी सज्जन गृहस्थ सोप्या पट्टीत, बेतानं वाजवत होता. ज्या अवघड पट्टीपायी विद्यार्थ्यांनी साठ वर्षं बोटं झिजवली, ती गायब. यंत्र हळू चाललं होतं, हे क्लीओटसला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण लोक कौतुक करत असताना मध्ये बोलणं त्याला असभ्य वाटलं होतं.

"यंत्र ठीक होतं," तो म्हणाला. "मी तसंच वाजवलं होतं."

"मग वाजवून दाखवा. वाजलं, तर जुना वेग तसाच ठेवते."

"तीन आठवडे दे. दात नवे बसवलेत."

दुसऱ्या दिवशी त्यानं व्हर्निटाला गाठलं. ती टपालखात्यात पत्रं वाटायची आणि तीस वर्षांपूर्वी त्याच्याकडे शिकायची. तिनं ही धून जुन्या तबकडीवरून घोटून घोटून उचलली होती.

"तुमचीच धून मी तुम्हाला शिकवू, मिस्टर बॅट्स?"

"शिकवू नकोस. नुसती माझ्यासमोर हळू वाजव."

ती रोज संध्याकाळी येऊ लागली. "करंगळी उचला," ती म्हणायची. "मला याच जागेवर तुम्ही रडवलं होतं."

एकविसाव्या दिवशी त्यानं मिस क्वेडसमोर ती धून अवघड पट्टीत, भरधाव वाजवली आणि घाम पुसत खुर्चीत बसला.

"चूक माझीच," ती खजील होऊन म्हणाली. "जुना वेग कायम. मैफलीतही असंच वाजवा, सहाच्या सहा."

"सहा?"

"टेप एकच होती ना. म्हणजे सगळ्या धून त्याच वेगात."

मिस क्वेडकडून हे कळल्यावर रात्री ओडेलचा फोन आला. "लेका, मी साठ वर्षं गप्प बसलो. तुला एक मिनिट तोंड मिटून बसवलं नाही."

"तुझी बोटं वळत नाहीत रे. अवघड पट्टीत तू कसं करणार?"

"नातीचा इलेक्ट्रिक पियानो आणलाय. एक बटण दाबलं की आपोआप अर्धा सूर वर. मी सोप्या पट्टीतच वाजवणार."

मैफल पाच आठवड्यांवर होती. हिशोब सरळ होता: मिस क्वेडनं एकदा माफी मागितली, ओडेलनं एकदा बटण दाबलं, आणि राहिलेल्या पाच धून क्लीओटसच्या अंगावर पडल्या. दर आठवड्याला एक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. खांद्यावरची टपालाची पिशवी खाली ठेवत व्हर्निटा म्हणाली, "चला मिस्टर बॅट्स, करंगळी."