सातशे वीसपैकी एक

मास्तरांनी बाह्या सरसावून जाहीर केलं, तासाभरात पेटी उघडतो!

पेटी बायकोच्या बासरीची, कुलूप तीन आकड्यांचं. नंबर मास्तरांनीच आठवड्यापूर्वी बदलला होता आणि साफ विसरले होते. संध्याकाळी सहाला बाईंचा पहिलावहिला जाहीर कार्यक्रम, तोही वयाच्या बावन्नाव्या वर्षी. घड्याळात तीन वाजले होते.

एकच अंक दोनदा वापरणं मास्तरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे पहिल्या जागी दहा अंक, दुसऱ्या जागी उरलेले नऊ, तिसऱ्या जागी आठ. एकूण सातशे वीस नंबर, एकेकाला पाच सेकंद. शून्य-एक-दोनपासून त्यांनी चाकं फिरवायला सुरुवात केली. बाई शेजारी डोळे मिटून बसल्या. आयुष्यभर अंकांशी बाईंचं फारसं जमलं नाही, असं मास्तरांचं मत होतं.

मध्येच शेजारचा शिंपी बाईंचे कपडे घेऊन आला. चाललंय काय, एवढंच त्याने विचारलं. मास्तरांमधला शिक्षक जागा झाला. पहिल्या जागेपासून सगळं त्याला पाऊण तास समजावलं, दोन प्रश्नही विचारले. शिंपी शिलाई न घेताच पळाला.

पावणेपाचला नऊ-आठ-सात झालं. पेटी ढिम्म! मास्तरांचा चेहरा गोरामोरा झाला. चाळीस वर्षं शिकवलेलं गणित खोटं ठरलं होतं, आणि बायकोचा कार्यक्रम बुडाल्यात जमा होता. तिच्याकडे बघायचा धीर त्यांना होईना.

"सातशे एकोणीसच झाले," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मी मोजत होते. शिंपी आला तेव्हा तुम्ही चार-सात-पाचवर होतात. तो गेल्यावर चार-सात-आठपासून धरलंत."

मास्तरांनी चार-सात-सहा लावलं. खट्कन पेटी उघडली.

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही शिकवत होतात ना. मध्ये बोललेलं कुठे चालतं तुम्हाला?"

कार्यक्रमात बाई अशा काही वाजवत होत्या की सभागृह श्वास रोखून बसलं होतं. मास्तर पहिल्या रांगेत बोटांवर मात्रा मोजत होते. या खेपेला एकही चुकवायची नाही, असा त्यांचा निर्धार होता. हिशेब पुरा झाला, बासरी थांबली, आणि मास्तरांनी उभं राहून कडाडून टाळ्या वाजवल्या.

एकट्यानेच. बाईंनी फक्त श्वास घेतला होता.